सिस्टरांचे सुपेकर

भिंगारदिवे सिस्टरांकडे सुपेकर नावाचे कोणी गृहस्थ राहायला आलेत, अशी आमच्या सोसायटीची पहिले पंधरा दिवस पक्की समजूत होती. त्याला कारण सिस्टरांचा आवाज. जनरल वॉर्डाच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत चाळीस वर्षं पोचलेला आवाज तो, रो-हाउसच्या भिंतीत अडणार कसा. सकाळी सहाला ऐकू यायचं, "सुपेकर, उठा आता. ऊन आलं." आठला, "दोन घास तरी खाऊन घ्या सुपेकर, उपाशी राहून कसं चालेल?" आणि दुपारी, जरा वैतागून, "बाथरूममधून बाहेर या बरं. मला धुणं धुवायचंय."

सिस्टर चौसष्ट वर्षांच्या आहेत आणि त्यांचं लग्न झालेलं नाही. त्यामुळे बाथरूमच्या वाक्यानंतर सोसायटीत बराच वेळ शांतता असायची.

शेवटी आमचे सेक्रेटरी बोरा माझ्याकडे आले. हातात भाडेकरूच्या माहितीचा छापील फॉर्म. "शिंदे, तुम्ही त्यांचे लगतचे शेजारी," ते हळू आवाजात म्हणाले. "हे सुपेकर कुठे नोकरीला असतात? बाहेर कधी दिसत नाहीत. आधार कार्डाची झेरॉक्स लागेल. पोलीस ठाण्यात द्यावी लागते."

"बोराशेठ, ते कुत्रं आहे," मी म्हणालो.

"कुणी कसाही असला तरी माणसाबद्दल असं बोलू नये," ते म्हणाले आणि फॉर्मची घडी घालून निघून गेले.

दोष माझाच होता. सुपेकरांना नगरला आणलं मी.

मी सुप्याच्या एमआयडीसीत एका कारखान्यात स्टोअरला आहे. सकाळी कंपनीच्या बसने सावेडीहून सुप्याला जातो, संध्याकाळी परत. मार्चमध्ये गेटबाहेरच्या चहाच्या टपरीखाली एक पिल्लू दिसायला लागलं. पिल्लू म्हणजे अगदी लहान नव्हे, चार-पाच महिन्यांचं असेल. अंगाच्या मानाने पाय लांब, एक कान उभा, दुसरा पडलेला, रंग हायवेच्या धुळीचा. मागच्या पायाला चाकाने घासलेली जखम होती. ते भुंकत नव्हतं. शेपूट हलवत नव्हतं. बिस्किट टाकलं तर आपण लांब गेल्याशिवाय तोंड लावत नव्हतं. तीन दिवस मी त्याला बघत होतो. चौथ्या दिवशी एक कंटेनर गेटमधून वळताना ते अगदी वितीच्या अंतराने वाचलं आणि मला काय झालं कुणास ठाऊक, पुठ्ठ्याच्या खोक्यात घालून मी त्याला बसमध्ये घेऊन बसलो. घर येईपर्यंत मीनाचा विचार डोक्यातही आला नाही. मीना माझी बायको. तिने दार उघडलं, खोक्यात बघितलं, लागोपाठ सात शिंका दिल्या आणि दार लावून घेतलं. तिला केसाळ जनावरांची अॅलर्जी आहे, हे मला लग्नानंतर बारा वर्षांनी त्या दारात आठवलं.

मी खोकं घेऊन अंगणात उभा. पलीकडे सिस्टर कुंड्यांना पाणी घालत होत्या.

"पायाला काय झालंय त्यांच्या?" त्यांनी विचारलं.

मला आधी कळलंच नाही कुणाच्या. मी स्वतःचे पाय बघितले.

ड्रेसिंग त्यांनी तिथेच पायरीवर केलं. इतकं सफाईने, की पिल्लाला आपण घाबरायचंय हे आठवेपर्यंत पट्टी बांधून झाली होती. "आधीच सांगते, मी ठेवून घेणार नाही," त्या म्हणाल्या. "चोवीस तास निरीक्षणाखाली ठेवू. मग बघू."

हे चोवीस तासांचं प्रकरण समजून घ्यायला हवं. सिस्टरांनी नवा कुकर आणला की तो चोवीस तास ओट्यावर निरीक्षणाखाली असतो, मगच त्यात भात लागतो. नळ दुरुस्त करणाऱ्या प्लंबरला काम झाल्यावर त्या तासभर खुर्चीत बसवून ठेवतात. त्याला वाटतं चहाचा आग्रह चाललाय, पण त्या नळाकडे बघत असतात. नाताळात त्यांच्याकडे फराळाला गेलं की करंजीच्या आधी दंडाला ब्लडप्रेशरचा पट्टा लागतो. एकदा मीनाने त्यांचा हात हातात घेऊन त्यांना नाताळच्या शुभेच्छा दिल्या, तर सिस्टरांनी उलटा तिचाच मनगटाशी हात धरला आणि घड्याळाकडे बघत राहिल्या. "शहात्तर," त्या म्हणाल्या. "छान आहे." आणि मग, "तुम्हालाही शुभेच्छा."

दुसरं त्यांचं अहो-जाहो. मिशनच्या हॉस्पिटलात त्या सतराव्या वर्षी ट्रेनिंगला लागल्या, तेव्हाच्या मेट्रनने त्यांना शिकवलं होतं, की कॉटवर आडवा झालेला माणूस आधीच लहान झालेला असतो, त्याला अरे-तुरे करून आणखी लहान करायचं नाही. तेव्हापासून त्या सगळ्यांनाच आडवं धरून चालतात. दूधवाल्याला तुम्ही, शेजारच्या तीन वर्षांच्या पोरीला तुम्ही, मोलकरणीच्या शेळीला तुम्ही. तेव्हा कुत्र्याला तू म्हणण्याचा प्रश्नच नव्हता.

नाव पडलं तेही असंच. त्यांनी पुठ्ठा कापून कॉटच्या पायथ्याशी तापाचा तक्ता लटकवला आणि मला विचारलं, "पेशंट कुठले?" मी म्हणालो, सुप्याचे. त्यांनी लाल शाईने लिहिलं, सुपेकर.

चोवीस तास झाले. सुपेकर कॉटखाली, भिंतीला चिकटून. दुसरे चोवीस तास झाले. ते तिथेच. सिस्टर रोज त्यांना पेशंटचं खाणं द्यायच्या, मऊ खिमट भात, बिनमिठाचं उकडलेलं अंडं. बशी कॉटजवळ ठेवायची आणि स्वयंपाकघरात जायचं. दहा मिनिटांनी बशी स्वच्छ. तक्त्यावर लिहिलं जायचं, आहार उत्तम. चार दिवस आहार उत्तम आणि सुपेकरांच्या बरगड्या मात्र दिवसेंदिवस स्पष्ट. आम्ही दोघं तक्ता बघायचो, कॉटखाली बघायचो, परत तक्ता बघायचो. जनावरांच्या डॉक्टरांनाही काही उलगडेना. पाचव्या दिवशी सिस्टर दाराआड उभ्या राहिल्या, तेव्हा खिडकीतून बोरांची मांजर आत आली, अंडं खाऊन तोंड पुसत निघून गेली. सुपेकर मागच्या दाराने, सिस्टर कावळ्यांसाठी पायरीवर टाकतात त्या शिळ्या भाकरीवर जगत होते.

"म्हणजे हे चार दिवस मांजरीचे आहेत," सिस्टर म्हणाल्या. त्यांनी चार दिवसांवर तिरकी रेघ मारून खाली सही केली. "शिंदे, सेवेत असताना माझ्याकडून एकदाही चुकीच्या पेशंटची नोंद झाली नव्हती."

नंतर भाकरी सुरू झाली. भाकरी चुरून, पाण्यात भिजवून, मागच्या पायरीवर, आणि आपण तोंड फिरवून उभं राहायचं.

माझ्याबाबतीत वेगळाच घोळ होता. मी दारात आलो की सुपेकर लघवी करायचे. पहिल्यांदा मला वाटलं, ओळख पटल्याचा आनंद असेल. सिस्टरांनी निरीक्षण केलं आणि निष्कर्ष काढला, की ते मला नाही, माझ्या चपलांना घाबरतात. "चपलेने मारलेलं असणार कुणीतरी. चपला तुमच्या घरी काढून या." एप्रिलमधलं नगरचं ऊन, आमच्या फाटकापासून त्यांच्या फाटकापर्यंत तापलेला सिमेंटचा रस्ता. सोसायटीतले लोक गॅलरीतून बघायचे, शिंदे अनवाणी उड्या मारत सिस्टरांकडे चाललेत. मीनाला कुणीतरी विचारलंसुद्धा, नवस बोललाय का म्हणून.

भुंकायचं तर नावच नव्हतं. मग एका सकाळी सिस्टर नेहमीप्रमाणे उपासनेचं गाणं म्हणत होत्या आणि कॉटखालून एक लांब, चढत जाणारा आवाज आला. त्यांनी मला ताबडतोब बोलावून घेतलं. मी आलो, अनवाणी. त्यांनी गाणं पुन्हा म्हटलं. आवाज पुन्हा आला. त्या थांबल्या की तोही थांबायचा.

"हा विरोध आहे की साथ आहे?" त्यांनी मला विचारलं.

मी तीन कडवी ऐकली. मला काही सांगता येईना. "सुरात वाटतंय," मी म्हणालो.

"मग माझं बेसूर होतंय की काय?" असं म्हणून त्या आणखीच विचारात पडल्या.

असे दोन महिने गेले. मी अधूनमधून विचारायचो, "मग सिस्टर, ठेवूनच घेतलं म्हणायचं." त्या म्हणायच्या, "छे. अजून डिस्चार्ज दिलेला नाही, एवढंच." त्यांच्या हॉलमधली एक खुर्ची भिंतीपासून हलवलेली दिसायची, कॉटवरची चादर एका बाजूने वर खोचलेली असायची, आणि सुपेकर आता कधीकधी संपूर्ण नाक कॉटच्या बाहेर काढून झोपायचे. मला वाटलं, झालं, लागलं मार्गी.

मेच्या दुसऱ्या आठवड्यात सिस्टर आमच्या फाटकाशी आल्या. "शिंदे, जखम पूर्ण भरली. वजन वाढलंय. त्यांच्या पुढच्या सोयीचं बघा."

मला समजेना. "म्हणजे द्यायचं कुणाला तरी?"

"बरा झालेला पेशंट वॉर्डात ठेवत नाहीत," त्या म्हणाल्या. आवाजात कसलीही खोट नव्हती. वॉर्डबॉयला स्ट्रेचर आणायला सांगावं तसं सांगितलं.

मी मीनाला म्हणालो, या बाईंचं मला काही कळत नाही. मीना म्हणाली, "त्यात काय कळायचंय? नको असेल त्यांना." मग थोड्या वेळाने म्हणाली, "पण काल त्या जुन्या साडीची गादी शिवत होत्या. एवढीशी." तिने हाताने मोजून दाखवली. आम्ही दोघांनी त्या मापाकडे बघितलं आणि विषय तिथेच राहिला.

आमच्या मशीन शॉपला बबन पठारे म्हणून ऑपरेटर आहेत. राळेगणचे. वस्तीवर सहा गाई, मे महिन्यातही विहिरीला पाणी, मोकळं रान. मी विचारलं तर लगेच म्हणाले, "द्या की आनून. आमाला कुत्रं पायजेलच हुतं. लई जागा हाय, पळंल, खाईल."

रविवारी चर्च सुटल्यावर सिस्टर माझ्या गाडीत बसल्या. मांडीवर सुपेकर, हातात पिशवी. सुपा गाव मागे टाकलं, फाट्यावरून आत वळलो. सबंध रस्ताभर त्या एवढंच म्हणाल्या, की गाडीचा हॅन्डब्रेक दाखवून घ्या, आवाज येतोय.

पठाऱ्यांच्या ओट्यावर चहा झाला. बबनरावांच्या आई, त्यांना सगळे आक्का म्हणतात, पिल्लाकडे बघून म्हणाल्या, "वाळलेलं हाय, पर डोळं चांगलं हायेत." तेव्हा सिस्टरांनी पिशवीतून एक दोन्ही बाजूंनी लिहिलेला कागद काढला. डिस्चार्ज कार्ड. आक्कांना वाचता येत नाही, म्हणून बबनराव मोठ्याने वाचायला लागले.

सुरुवातीला औषध, जंताच्या गोळीची वेळ, इंजेक्शनं. मग त्यांचा वेग कमी झाला. "भाकरी भिजवून द्यावी. देताना तोंड दुसरीकडे करावे. पुरुषांनी चपला काढून जवळ जावे. भीती वाटल्यास ते कॉटखाली जातात. कॉटखाली हात घालू नये, काठी तर अजिबात नको. शेजारी जमिनीवर बसावे. काही बोलू नये. साधारण दीड तासात श्वास संथ होतो. कधी दोन तास लागतात. उठण्याची घाई करू नये."

बबनरावांनी कागद उलटला, परत सुलटा केला. आक्का म्हणाल्या, "येवढं तर माझ्या पोरांच्या बाबतीत बी कुनी सांगितलं न्हाई मला."

मी मात्र जमिनीवर बसावे या वाक्यापाशीच थांबलो होतो. सिस्टरांचे दोन्ही गुडघे गेलेले आहेत. त्या चर्चमधल्या जेवणालाही खुर्ची मागून घेतात. गेल्या पाच-सहा वर्षांत मी त्यांना जमिनीवर बसलेलं बघितलेलं नव्हतं. दीड तास, दोन तास, हा हिशोब त्यांनी कुठून आणला, ते मला त्या ओट्यावर कळलं, आणि कळल्यावर मी आणखीच गोंधळलो. मग देतायत कशाला?

सुपेकरांना बबनरावांनी गोठ्याकडे नेलं. सिस्टरांनी कागदावर माझा आणि स्वतःचा फोन नंबर लिहून दिला, साडी झटकली आणि गाडीत जाऊन बसल्या. परतीच्या वाटेवर हॅन्डब्रेकचा आवाज येत होता, पण त्या काही बोलल्या नाहीत.

सोमवारी त्यांनी खोली फिनाईलने धुतली. कॉटची गादी उन्हात टाकली. तक्ता काढून ठेवला. "कॉट कायम तयार ठेवायची असते," मी न विचारता त्या म्हणाल्या. त्यानंतर त्यांच्या घरातून काही म्हणजे काही ऐकू आलं नाही. बोरांची समजूत मात्र अजून पहिलीच होती. मंगळवारी ते मला थांबवून म्हणाले, "सुपेकर गेले वाटतं सोडून? चांगले गृहस्थ होते हो. कधी कुणाला त्रास नाही."

इकडे कारखान्यात बबनराव सोमवारी म्हणाले, ट्रॉलीखाली जाऊन बसलंय, रुळंल. मंगळवारी म्हणाले, "शिंदेसाहेब, कागदात लिवलंय तसं समदं केलं. आईनं तोंड फिरवून भाकर दिली. म्या चपला काढल्या. त्ये पानी बी पीत न्हाई." मी म्हटलं, सिस्टरांना सांगू नका, उगाच जिवाला घोर. आणखी एक दिवस बघू.

बुधवारी अकरा वाजता मीनाचा फोन आला. "सिस्टर कुठे गेल्यात? घराला कुलूप आहे. बोरा म्हणतात, सकाळी साडेसहाला पांढरी साडी नेसून, पर्स घेऊन निघाल्या. कुठे चाललात विचारलं, तर ड्युटीवर म्हणाल्या."

सिस्टर निवृत्त होऊन सहा वर्षं झालीत. माझ्या डोक्यात नाही नाही ते आजार आले, माणसं वय झाल्यावर जुन्या नोकरीवर निघतात असले. मी हॉस्पिटलला फोन लावला, तिथे त्या नव्हत्या. चर्चमध्ये नव्हत्या. फोन उचलत नव्हत्या. तीन वाजता बबनराव घाईघाईने स्टोअरच्या खिडकीशी आले. "आईचा फोन आल्ता. सिस्टरबाई आमच्या वस्तीवर हायेत. सकाळधरनं."

आक्कांनी मंगळवारी संध्याकाळी शेजाऱ्याच्या पोरीकडून नंबर लावून घेतला होता आणि एवढंच सांगितलं होतं, की त्ये पानी पीत न्हाई. सिस्टर पहिल्या एसटीने पारनेरला गेल्या, तिथे दीड तास बसून राळेगणची गाडी पकडली आणि फाट्यापासून वस्तीपर्यंत चालत गेल्या. त्या गुडघ्यांनी.

शिफ्ट सुटल्यावर मी बबनरावांच्या मोटारसायकलवर मागे बसून गेलो. गोठ्यापलीकडे ट्रॅक्टरची ट्रॉली उभी होती. तिच्या चाकाला टेकून, खाली पोतं अंथरून, पाय लांब करून सिस्टर बसल्या होत्या. पांढऱ्या साडीला चाकाची माती लागलेली. आक्का लांब, बाभळीच्या सावलीत.

"आल्यापास्नं अशाच हायेत," आक्का हळूच म्हणाल्या. "च्या नेला, घेतला न्हाई. म्या म्हनलं, हाक मारा की त्याला. तर न्हाई म्हनल्या, नुसतं बसायचं असतंय."

मी चपला काढल्या आणि जाऊन शेजारी बसलो. ट्रॉलीखाली, पार आत, दोन डोळे दिसत होते. आम्ही तसेच बसलो. एक गाय हंबरली. मग सिस्टर माझ्याकडे न बघता बोलायला लागल्या.

"शिंदे, पेशंट बरे होतात आणि घरी जातात. मी आयुष्यभर तेच बघितलं. डबा, पिशवी, उशी, सगळं गोळा करतात, दारात वळून हात करतात. त्यात वाईट वाटण्यासारखं काही नसतं. त्यासाठीच आपण असतो." त्या थांबल्या. "रविवारी यांनी वळून बघितलं नाही. मला वाटलं, चांगलं लक्षण आहे."

मी पाय पोटाशी ओढून घेतले.

"आता मला हे सांगा, बरा झालेला पेशंट जायचंच नाही म्हणत असेल, तर पुढे काय करायचं असतं? मला हे कुणी शिकवलेलं नाही. माझ्याकडे असं कधी कुणी राहिलंच नाही."

"घरी न्यायचं असेल," मी म्हणालो.

"घरी म्हणजे कुणाच्या?"

"तुमच्या."

त्यांनी माझ्याकडे बघितलं. चौसष्ट वर्षांच्या बाईच्या चेहऱ्यावर एवढा गोंधळ मी कधी बघितला नव्हता. "ते तर वॉर्डासारखं आहे," त्या म्हणाल्या. "त्यांना ते घर वाटत असेल?"

तेवढ्यात ट्रॉलीखाली हालचाल झाली. सुपेकर पोटावर सरपटत, थांबत थांबत बाहेर आले. सिस्टरांपासून हातभर अंतरावर आले, अंग झटकलं आणि आमच्याकडे चक्क पाठ करून बसले.

"पाठ केली," सिस्टर पुटपुटल्या.

"रागावलंय तुमच्यावं," आक्का सावलीतून म्हणाल्या. "आमच्यावं न्हाई रागावलं. आमच्याकडं तर बघितलं बी न्हाई त्यानं."

सिस्टरांनी हात पुढे केला नाही. पण त्यांची हनुवटी थरथरायला लागली, तेव्हा मी गोठ्याकडे बघायला लागलो. बऱ्याच वेळाने कळलं की सुपेकर बसल्या जागी मागे मागे सरकत होते. पाठ तशीच, तोंड रानाकडे, आणि सरकत सरकत त्यांची पाठ सिस्टरांच्या मांडीला टेकली. आक्कांनी भिजवलेली भाकरी आणि पाण्याचं भांडं लांबून पुढे ढकललं. आम्ही चौघांनी तोंडं फिरवली. पाणी लपालपा पिण्याचा आवाज आला.

सिस्टरांना उठवणं हे वेगळंच काम झालं. सात तासांत गुडघे असे धरले होते, की बबनराव एका बाजूने, मी दुसऱ्या बाजूने आणि आक्का मागून, असं करून आम्ही त्यांना उभं केलं. त्या आम्हाला सूचना देत होत्या, पेशंटला कसं उचलतात याच्या. त्यांच्या मते आम्ही तिघंही चुकत होतो.

संध्याकाळचा दुधाचा टेम्पो नगरला निघाला होता, त्यात जागा मिळाली. पुढे ड्रायव्हर, मी, सिस्टर, आणि सिस्टरांच्या पायाशी सुपेकर. ड्रायव्हरने वाकून बघितलं.

"चावतंय का?"

"नाही हो," सिस्टर म्हणाल्या. "घरी चाललेत ते."

त्याला काही अर्थबोध झाला नाही. त्याने टेम्पो सुरू केला. सुप्याच्या उड्डाणपुलाखाली सुपेकरांनी माझ्या अनवाणी पायावर सगळी भाकरी ओकली. चपला मी वस्तीवरच विसरून आलो होतो.

याला आता दोन महिने झाले. सुपेकर अजून विचित्रच आहेत. पोस्टमनला काही करत नाहीत, पण पापड वाळत घातले की भुंकतात. त्यांना स्वतःची गादी आहे, ती तोंडात धरून घरभर फिरवतात आणि झोपतात शेजारच्या गार फरशीवर. सिस्टर मला विचारतात याचा अर्थ काय असेल, आणि आम्ही दोघं उभे राहून विचार करतो.

परवाच्या रविवारी मी गाडी पुसत होतो. सिस्टर पुढच्या अंगणात खुर्चीत बसल्या होत्या, चर्चची साडी अजून बदललेली नव्हती. त्यांनी मला हात केला.

"आत गॅसवर दूध आहे. बंद करता का? मला उठता येत नाही."

मला वाटलं, गुडघे. जवळ गेलो तर सुपेकर त्यांच्या दोन्ही पावलांवर आडवे पसरून झोपलेले. भर दुपारी, उघड्यावर, पोट वर करून, रस्त्यावरून गाड्या जात असताना. जीभ बाजूला लोंबत होती. मी बाजूने वळसा घालून आत गेलो. दूध उतू जाऊन ओट्यावरून खाली फरशीवर आलं होतं. गॅस बंद केला. फडकं शोधायला लागलो तर सापडेना, आणि इतक्या वर्षांत त्या बाईंच्या ओट्यावर मी पाण्याचा थेंबही बघितला नव्हता, त्यामुळे आधी काय करावं हेच सुचेना.

"सगळं गेलंय उतू," मी खिडकीतून सांगितलं.

"राहू द्या," त्या म्हणाल्या. "बसा तुम्हीपण जरा."

मी बाहेर आलो आणि पायरीवर बसलो. साधारण किती वेळ बसायचं असतं, ते मी विचारलं नाही.